ओटीत गेलेला अकराचा रुपया

तात्यापारा, रायपूर
मंगळवार, ७ मे २००२

चि. भास्कर यास ताईचे आशीर्वाद.

पत्राचं कारण आधी सांगते, म्हणजे उरलेलं पत्र तू खाली बसून वाचशील. तुझा एकोणीसशे अकराचा रुपया गेल्या शुक्रवारी मी माझ्या हाताने मीनलच्या सुनेच्या ओटीत घातला. तो हरवलेला नाही आणि चोरीलाही गेलेला नाही. कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. ते घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. फक्त तो मागता येत नाही.

आता प्रकृती. तुझा गुडघा कसा आहे? ममताची साखर आटोक्यात आहे का? (तिला विचारून लिही, स्वतःच्या अंदाजाने लिहू नकोस.) इथे ऊन चव्वेचाळीसवर गेलं आहे. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, घरभाडी वाढली, गाड्यांच्या पाट्यांवर एम.पी.चं सी.जी. झालं, पण टपाल मात्र जिल्हा होता तेव्हा दोन दिवसांत पोचायचं ते आता चार दिवस घेतं. माझी तब्येत ठीक. तुझ्या भाऊजींचा रक्तदाब उत्तम आहे, आणि घडल्या प्रकारानंतरही तो उत्तमच राहिला याचा मला जास्त राग आहे.

दोष कोणाचा हे ठरवायला बसलं तर पहिला तुझा. पाडव्याला आलास, श्रीखंड खाल्लंस, आणि जाताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या कपाटात ठेवून गेलास. आत त्रेचाळीस नाणी, प्रत्येक वेगळ्या पुडीत, प्रत्येक पुडीवर तुझं ते मुंगीएवढं अक्षर. (एका पुडीवर तू भोसल्यांचा रुपया असं लिहितोस आणि उघडून पाहावं तर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव. त्या काळी तशीच पद्धत होती हे मला माहीत आहे, मी इतिहास घेऊन बी.ए. आहे. तरी राग आलाच.) जूनच्या दोन तारखेला नागपूरला प्रदर्शन, त्यात अकराचा रुपया मांडायचा, आणि तो अस्सल आहे असं कुणा जाणकाराचं पत्र सोबत हवं. ते पत्र नागपुरातल्या जाणकारांकडून का नाही, तर तिघे जाणकार आहेत आणि तिघांशी तुझं भांडण आहे. म्हणून रायपूरच्या श्यामरावांकडून. म्हणून डबा माझ्याकडे. म्हणून हे सगळं.

आता त्या रुपयाविषयी. तू चाळीस वर्षं नाणी जमवतो आहेस, तेव्हा तुला हे शिकवण्याची गरज नाही, पण हे पत्र ममताही वाचणार आहे आणि तिला तू कधी धड काही सांगितलं असशील असं वाटत नाही. अकरा साली पंचम जॉर्जचे नवे रुपये निघाले. राजाच्या झग्यावर नक्षी आहे, त्या नक्षीत तांदळाच्या दाण्याएवढा एक हत्ती आहे. विलायतेतल्या कारागिराने त्याची सोंड आखूड काढली. लोक म्हणाले, हे डुक्कर आहे, हा रुपया आम्ही हातात घेणार नाही. सरकार घाबरलं, वाटायचे राहिलेले रुपये वितळवून टाकले आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली. जे थोडे रुपये आधीच बाहेर गेले होते ते आज तुमच्यासारखे लोक शोधत फिरतात आणि त्याला डुकराचा रुपया म्हणतात.

तुम्ही खुशाल म्हणा. पण हा रुपया बाबांच्या बारशाला त्यांच्या आत्याने पाळण्यात ठेवलेला आहे. बाबांनी तो रायपूर स्टेशनात नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात बाळगला, आणि जाताना मला न देता तुला दिला (याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही, आत्ताही बोलत नाही). त्या रुपयाच्या पुडीवर तू ‘डुकराचा’ असं लिहावंस हे मला मान्य नाही. काढणाऱ्याला हत्ती काढायचा होता. मुलाला लिहिता आलं नाही म्हणून त्याने लिहिलेला क काही फ होत नाही. मी तुझा शब्द खोडला आणि वर ‘हत्तीचा’ असं लिहिलं. पेनाने.

हे तुझ्या भाऊजींनी पाहिलं आणि इथून दुसरा दोष सुरू होतो. रेल्वेच्या मालधक्क्यावर छत्तीस वर्षं त्यांनी पार्सलांवरच्या पुसट चिठ्ठ्या वाचल्या, ते भिंग अजून त्यांच्या उशाशी असतं. ते भिंग लावून त्यांनी रुपया पाहिला आणि म्हणाले, डुक्करच आहे. मी म्हटलं, हत्ती. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी भांडी घासायला येणाऱ्या शांताबाईला पंच म्हणून बोलावलं. अकरा वर्षं ती माझ्याकडे आहे, पण तिने पदराला हात पुसले, भिंगातून पाहिलं, “हव बाई, बरहा आय,” म्हणाली आणि भांड्यांकडे परत गेली. (बरहा म्हणजे रानडुक्कर. माझ्याच घरात पाळीवाचं रानटी झालं.) त्या दिवशी भाऊजींनी तिला स्वतः चहा करून दिला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, मला एकदाही दिलेला नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी करत होते. दुसऱ्या दिवशी पस्तीस बायका यायच्या, म्हणजे दीड किलो हरभरे भिजवायचे, कैऱ्या किसायच्या, पन्ह्याचे पेले मोजायचे. समोरच्या मीनलच्या मुलाचं, शेखरचं, लग्न माघात झालं. त्याची बायको पिंकी पहिल्यांदाच ओटीला येणार होती, आणि नव्या सुनेच्या पहिल्या ओटीत चांदीचा रुपया घालायचा ही आपल्या आईची रीत मी इथे आजवर सांभाळली आहे. आईच्या रुपयांतला अठराचा एक काढून मी घासून देव्हाऱ्यासमोरच्या तबकात ठेवला. तोही पंचम जॉर्जचाच. हे पाहून भाऊजींना नवी कल्पना सुचली. अठराच्या रुपयात नीट सोंडेचा हत्ती आहे, तो आणि तुझा शेजारी शेजारी ठेवून पाहू, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. दोन्ही रुपये घेऊन ते ट्यूबलाइटखाली अर्धा तास बसले. मग निकाल जाहीर केला, “अठराच्यात हत्ती, अकराच्यात डुक्कर,” आणि एक रुपया तबकात ठेवला, दुसरा पुडीत घातला. कोणता कुठे, हे त्यांना आजही सांगता येत नाही. मी विचारलं तर म्हणतात, मी नीटच ठेवला होता.

शुक्रवारी सगळं यथासांग झालं. पिंकीची ओटी मी भरली. हरभरे, हळकुंड, सुपारी, नारळ, खण, आणि वर तो रुपया, राजाच्या तोंडावर कुंकवाचं बोट ओढून. साल मागच्या बाजूला असतं हे मला कळतं. पण ओटी भरताना रुपया उलटून साल वाचणारी बाई मी अजून पाहिलेली नाही आणि पाहण्याची इच्छाही नाही.

रविवारी पुडी घेऊन ब्राह्मणपाऱ्यात श्यामरावांकडे गेले. श्यामराव बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. राजधानी झाल्यावर त्यांनी ‘राजधानी मुद्रा परिषद, अध्यक्ष’ अशी कार्डं छापून घेतली. परिषदेत एकूण चार माणसं आहेत आणि चौघेही दर रविवारी श्यामरावांच्याच ओसरीवर पोहे खातात. त्यांनी पुडी उघडली, घड्याळवाल्यासारखी डोळ्यात काच बसवली, आणि म्हणाले, “ताई, याच्यात तं चांगला हत्ती दिसून राहिला.”

भास्कर, मी जिंकले होते. सबंध एक मिनिट. मी म्हटलं, हेच मी आठ दिवस घरात सांगते आहे, हे कृपा करून कागदावर लिहून द्या. त्यांनी रुपया उलटला. मग माझ्याकडे पाहिलं, मग परत रुपयाकडे. “पण हा अठराचा आहे ना. भास्करभाऊ तं अकराचा म्हणाले होते. काहून मजाक करून राहिल्या आमची?” आणि दुसऱ्या सभासदाने, माझ्यासमोर, मला ऐकू येईल अशा बेताने म्हटलं, “जाने दो भैया, उमर का है.” अडतीस साली जन्मलेल्या बाईला हे ऐकावं लागलं, तेही ज्याचे दोन दात पडले आहेत अशा माणसाकडून. मी रुपया उचलला, पोह्यांना हात लावला नाही, आणि रिक्षात बसल्यावर मला उमगलं की अठराचा इथे आहे तर अकराचा कुठे आहे.

सोमवारी सकाळी पन्ह्याचे पेले परत आणायच्या निमित्ताने मीनलकडे गेले. पिंकी घरातच होती. इथेच जन्मली, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. नव्या मंत्रालयात कॉम्प्युटरवर काम करते, पोट्टी गुणी आहे, वाईट म्हणवत नाही. मी ओटीचा विषय काढायच्या आत तीच म्हणाली, “काकी, आपका सिक्का इतना मस्त है, मैं उसको रुपिया माला में डलवा रही हूँ. एकदम बीच में.” राज्य झाल्यापासून ऑफिसातल्या मुलींनी राज्योत्सवाला खेड्यातले जुने दागिने घालून जायची टूम काढली आहे. गळ्यात रुपयांची माळ, प्रत्येक रुपयाला वर कडी. हिच्या माहेरून दहा रुपये आले आहेत, अकरावा माझा. सोनार म्हणाला, अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांची गर्दी संपू दे, गुरुवारी, सोळा तारखेला, कडीचा डाग देतो. डाग देतो म्हणजे राजाच्या डोक्यावर कडी झाळणार. तूच मला सांगितलं होतंस की कडी लावलेला रुपया जमवणाऱ्याच्या दृष्टीने मेला.

मी युक्तीने घेतलं. म्हटलं, मीनल, तो रुपया जरा झिजलेला आहे, माळेच्या मध्यभागी शोभणार नाही, मी दुसरा चांगला देते. मीनल माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि या मोहल्ल्यात तिला हळदीकुंकू कसं करावं हे मी शिकवलं आहे. ती म्हणाली, “ओटीतलं कुठं बदलतात का ताई? तुमीच तं सांगता. ते अमरावतीच्या खणाचं सांगा ना एकदा, पिंकीनं नाही ऐकलं.”

आणि मी ते सांगितलं. दुसरं काय करणार होते?

ममताला ती गोष्ट आठवत असेलच. अठ्ठ्याहत्तरचा चैत्र, तुमचं अमरावतीचं घर. तुमच्या लग्नाला तिसरं वर्ष. घाईत ममताच्या आईने दिलेला जांभळा खण पोस्टमास्तरांच्या बायकोच्या ओटीत गेला आणि ममता दुसऱ्या दिवशी जाऊन तो मागून घेऊन आली. मी सुट्टीत आले होते. मी तिला चौदा बायकांसमोर सांगितलं की ओटीत गेलं ते गेलं, दिलेलं सौभाग्य कुणी मागत नाही, आणि तिला तो खण घेऊन परत पाठवलं. ती गेली. हा प्रसंग मी त्यानंतर जवळजवळ दरवर्षी हळदीकुंकवाला उदाहरण म्हणून सांगत आले आहे आणि बायका माना डोलावतात. काल पिंकीनेही मान डोलावली. फक्त तिने विचारलं, “फिर वो खण उनको मिला क्या, काकी?” मी म्हटलं, नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ममताची आई गेली, हे मी गोष्टीत कधी सांगत नाही, कालही सांगितलं नाही.

तेव्हा परिस्थिती ही अशी आहे. रुपया पन्नास पावलांवर आहे, सोळा तारखेला त्याला डाग बसेल, दोन जूनला तुला तो नागपूरला हवा आहे, आणि सगळ्या रायपुरात तो मागू शकत नाही अशी एकच बाई आहे. या प्रकरणात माझी चूक कोणती हे मी तीन दिवस शोधते आहे. सापडल्यास कळवीन. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझी ताई,
इरावती

ता.क. खरं काम सांगायचं राहिलं. ममताला पंधरा तारखेच्या आत रायपूरला पाठव. तिने मीनलकडे जाऊन तो रुपया मागावा. तिला या कामाचा अनुभव आहे. मी त्या वेळी देवळात असेन.

ता.क. दुसरं, शुक्रवार, १० मे. वरचं पत्र तुला मिळालं नाही, कारण मंगळवारी ते तुझ्या भाऊजींच्या हाती पोस्टात टाकायला दिलं आणि आज धुण्याच्या वेळी ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. मी संतापून काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं.

भर दुपारी मीनल आणि पिंकी. मीनलच्या दोन बोटांच्या चिमटीत कागद, कागदात रुपया. ती बसलीसुद्धा नाही. “ताई, माह्या सुनेच्या पहिल्या ओटीत तुमी डुक्कर घातलं?” मी विचारलं, कोण म्हणतं. तर तिच्या यजमानांनी, बंडूभाऊजींनी, काल रात्री रुपया काढून भिंगाखाली धरून तिला दाखवलं होतं. पिंकी मागून म्हणाली, “मेरे को तो क्यूट लगा काकी, मम्मी नहीं मान रहीं.” मीनल म्हणाली, “तुमी शिकलेल्या आहात. तुमी सांगा. हत्ती म्हणाल तं मी ठेवते, गुरुवारी कडी लावते. डुक्कर म्हणाल तं हा घ्या.”

तुझे भाऊजी वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायचं त्यांनी थांबवलं.

भास्कर, मी बाबांच्या कोटाचा तो आतला खिसा डोळ्यांसमोर आणला आणि म्हटलं, डुक्कर.

अकरा साली लोकांनी हा रुपया ज्या कारणासाठी परत केला, त्याच कारणासाठी एक्क्याण्णव वर्षांनी तो तात्यापाऱ्यात परत आला. मीनलला त्याच्या जागी मी अठराचा दिला, तो तिने उन्हात नेऊन आधी सोंड पाहिली, मग घेतला. मी रुपया मागितला नाही, तिने परत केला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण उद्या महिला मंडळात तिने ओटी परत केली असं कुणी म्हणू नये म्हणून तिला कागद हवा होता, आणि तो मी लिहून दिला. त्याची नक्कल खाली आहे. जाता जाता तिने पिशवीतून भाऊजींचं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि तेही कागदात लिहायला लावलं. भाऊजी रोज सकाळी बंडूभाऊजींबरोबर बूढा तालाबावर फिरायला जातात, हे मी तुला लिहिलं नव्हतं कारण त्याचा इथे काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “चहा घेतेस?” आणि उठून टाकला. साखर जास्त होती.

ममताला तरीही पाठव. काम काही नाही. रुपया आणि डबा रविवारी शेखरच्या हाती येतो आहे, तो ऑफिसच्या कामाने तुमच्या अमरावतीला निघाला आहे. पुडीवरचं ‘हत्तीचा’ मी खोडलेलं नाही, तूही खोडू नकोस.

नक्कल

मीनल यांजकडून परत मिळाले: चांदीचा रुपया एक, सन १९११, डुकराचा, कुंकवाच्या डागासह. भिंग एक.

मीनल यांस दिले: चांदीचा रुपया एक, सन १९१८, हत्तीचा. बाकीची ओटी कायम.

(इथवर मीनलचा कागद. पुढचं तुझ्यासाठी.) शेखर यांच्या हाती भास्करकडे: पत्र्याचा डबा एक, नाणी त्रेचाळीस. श्यामरावांचं पत्र एक, अध्यक्षांच्या शिक्क्यासह. (हे त्यांनी आज संध्याकाळी घरी येऊन, माझे पोहे खाऊन लिहिलं.) खण एक, जांभळा, ममतासाठी. तो नव्हे, तो मी कुठून आणू. सदर बाजारात चार दुकानं फिरून त्यातल्या त्यात जवळचा रंग घेतला आहे. आवडला नाही तर मला परत पाठवावा, मी घेईन.

सही, इरावती